तयार कपड्यांत ‘माया’ का नसते? बायकांची मापे, दुकाने आणि आपण

मासुंदा (नौपाडा, ठाणे)

नमस्कार. गेल्या शनिवारचा एक प्रसंग मनातून जात नाही, म्हणून हा धागा काढत आहे. तयार कपड्यांच्या व्यवसायातील, शिवणकामातील किंवा वैद्यकीय क्षेत्रातील कोणी येथे असतील तर त्यांनी अवश्य लिहावे, कारण मला नुसती हळहळ व्यक्त करायची नाही; हे असे का होते ते नीट समजून घ्यायचे आहे.

माझी भाची एकोणीस वर्षांची आहे, कळव्याला राहते. तिच्या मामेबहिणीचा साखरपुडा जवळ आला आहे. “मावशी, तूच चल माझ्याबरोबर, आईला सगळ्याची घाई असते,” असे ती म्हणाली, म्हणून आम्ही दोघी येथील एका मॉलमधल्या मोठ्या दुकानात गेलो. तिने आवडीने तीन कुर्ते निवडले, त्यांतला सर्वांत मोठा एक्सएल होता. थोड्या वेळाने ट्रायल रूमच्या दारामागून तिने मला हळू आवाजात हाक मारली. कुर्ता डोक्यातून खाली आला होता, पण दोन्ही दंडांशी घट्ट अडकला होता, आणि काढू जाता काखेतली शिलाई बोटभर उसवली. विक्रेत्या मुलीने कसलाही उद्धटपणा न करता सांगितले, “मॅडम, यापुढचं माप आम्ही दुकानात ठेवत नाही, ऑनलाइन बघा.” रिक्षात बसल्यापासून तीन हात नाका येईपर्यंत भाची एक शब्द बोलली नाही. सिग्नलला रिक्षा थांबल्यावर म्हणाली, “मावशी, मी साखरपुड्याला नाही आले तर चालेल का गं?”

मी त्या रात्री टेप घेऊन बसले. माझ्या कपाटातले तीन वेगवेगळ्या कंपन्यांचे कुर्ते पलंगावर पसरले, काखेपासून काखेपर्यंत आडवे माप घेतले आणि दुप्पट केले. मीडियम लिहिलेला कुर्ता ४० इंच भरला, लार्ज लिहिलेलाही ४० इंच, आणि एक्सएल लिहिलेला साडेएकोणचाळीस. तिन्ही कुर्ते मला होतात. म्हणजे ज्या अक्षरावरून ती मुलगी स्वतःला नापास ठरवून घरी परतली, त्या अक्षराला दुकानागणिक वेगळा अर्थ आहे.

मग मी आईचा लग्नातल्या शालूवरचा ब्लाउज काढून उलटा केला. दोन्ही बाजूंना सव्वा-सव्वा इंच माया, म्हणजे शिलाईच्या आत राखलेले जास्तीचे कापड, सोडलेली आहे आणि तिच्यावर शिलाईच्या तीन रेषा आहेत. पहिली उसवलेली आहे, सुईची भोके अजून दिसतात. तिच्या बाहेर दुसरी, तीही उसवलेली. आणि अगदी कडेला तिसरी. आईने बोट ठेवून सांगितले, “ही लग्नातली, ही तुझ्या जन्मानंतर आत्याच्या लग्नातली आणि ही बाबांच्या साठीच्या वेळची.” शरीर बदलले तेव्हा ब्लाउज उसवला गेला. आईने स्वतःला दोष दिल्याचे तिला आठवत नाही. शिंपीदादांकडे पिशवी पाठवली की काम होत असे.

हे दोन अनुभव शेजारी ठेवल्यापासून मी अस्वस्थ आहे. तयार कपड्यांत ही माया का नसते, आणि दुकाने ठरावीक मापापुढे का थांबतात, हे जाणकारांनी सांगावे.

ऐरोलीकर

धागा काढल्याबद्दल आभार. माझा अनुभव उलट बाजूचा आहे, पण दुखणे तेच आहे. माझे वजन ४२ किलो आहे आणि उंची पाच फुटांच्या आत. एक्सएसचा कुर्ता खांद्यावरून घसरतो, चुडीदाराचा पाय चार बोटे जास्त येतो. पूर्वी मी लहान मुलींच्या विभागातून टॉप घेत असे, पण तिथे छातीचा आकार धरलेलाच नसतो. आमच्या ऑफिसात “तू काय, तुला काहीही छान दिसतं” असे सर्रास म्हटले जाते आणि त्याच तोंडाने “जरा खात जा” असेही. लग्न ठरायच्या आधी मला दोन ठिकाणी ‘काडी’ म्हणून नकार आला होता. तेव्हा हा धागा केवळ मोठ्या मापापुरता ठेवू नये, अशी विनंती करते.

कागदी_नमुना (महापे)

मी बावीस वर्षे तयार कपड्यांच्या कारखान्यांत पॅटर्न काढण्याचे काम केले, त्यातली शेवटची काही ठाणे-बेलापूर पट्ट्यात. मासुंदाताईंनी विचारलेल्या दोन्ही गोष्टींचे उत्तर कापण्याच्या टेबलावर सापडते, म्हणून सविस्तर लिहितो.

कारखाना प्रत्येक मापाचा कपडा स्वतंत्रपणे घडवत नाही. एक मूळ माप धरतात, बहुधा मीडियम. त्या मापाच्या मॉडेलवर नमुना बसवून पाहतात आणि मग ग्रेडिंग करतात, म्हणजे ठरावीक पटीत तो कागद वाढवतात किंवा कमी करतात. छातीला दर मापामागे दोन इंच वाढवायचे असतील तर पुढच्या-मागच्या चारही पाव भागांत अर्धा अर्धा इंच विभागून देतात, आणि खांदा, मुंढा (काखेभोवतीचा घेर), गळा, बाही यांची वाढही अशीच कोष्टकातून येते. एक-दोन मापे वरखाली हे चालते. पुढे मात्र ते शरीराशी जुळेनासे होते, कारण बाईचे वजन वाढले म्हणून तिच्या खांद्याचे हाड रुंद होत नाही आणि दंड मात्र छातीच्या प्रमाणात न वाढता कोणाचा कमी तर कोणाचा पुष्कळ अधिक वाढतो. म्हणून मोठ्या मापाचा कुर्ता पुष्कळदा खांद्यावर लोंबतो, गळ्याशी उघडा पडतो आणि दंडात अडकतो. तुमच्या भाचीच्या दंडाशी जे घडले, त्यात दोष कोष्टकाचा होता. यावर उपाय आहे आणि तो व्यवसायात सर्वांना ठाऊक आहे: ठरावीक मापापुढे दुसरा मूळ नमुना काढायचा आणि तो त्याच अंगाच्या स्त्रीवर बसवून पाहायचा. त्याला वेगळा खर्च आणि वेगळा वेळ लागतो, आणि तेथेच बहुतेक जण हात आखडता घेतात.

दुसरे कारण कापडाच्या पन्ह्याचे, म्हणजे रुंदीचे, सांगितले जाते. चव्वेचाळीस इंच पन्ह्यावर मध्यम मापाच्या कुर्त्याचे पुढचे आणि मागचे पाट शेजारी शेजारी बसतात. माप मोठे झाले की ते बसत नाहीत, एकाखाली एक मांडावे लागतात आणि कापड एकदम वाढते. घरी एकच कुर्ता शिवणाऱ्याला हे तंतोतंत लागू आहे. घाऊक कापणीत मात्र लहान-मोठी मापे एकमेकांच्या फटींत बसवून मांडतात आणि पन्हाही मोठा घेता येतो, त्यामुळे नासाडी बरीच आटोक्यात येते. केवळ कापडाचे कारण पुढे करून मोठ्या मापाला भरमसाट जादा किंमत लावणे मला कधीच पटले नाही.

मायेबद्दल. कारखान्यात बाजूची शिलाई ओव्हरलॉकवर होते. ते यंत्र शिवता शिवताच कडेचे कापड कापून टाकते आणि आत जेमतेम एक सेंटिमीटर उरते. दोन्ही बाजूंना एकेक इंच जास्त ठेवायचे म्हटले तर एका कुर्त्यामागे थोडेच कापड लागते, पण हजारो नगांच्या हिशेबात ती रक्कम डोळ्यांत भरते, म्हणून माया पहिल्यांदा गेली. शिवाय हा कपडा दहा वर्षे वापरला जाईल, असे गृहीत धरून तो केलेलाच नसतो.

अक्षरांच्या गोंधळाचा इतिहासही सांगण्यासारखा आहे. अमेरिकेत १९३९-४० मध्ये तेथील कृषी खात्याने सुमारे १५,००० स्त्रियांची प्रत्येकी ५९ मापे घेतली. काम प्रचंड होते, पण शेवटच्या हिशेबात केवळ गोऱ्या स्त्रियांची मापे धरली गेली. त्यावर आधारलेले प्रमाण १९५८ मध्ये आले. ते सक्तीचे नव्हते आणि १९८३ मध्ये मागे घेण्यात आले. त्यानंतर जो तो आपापल्या सोयीने आकडे लावू लागला. १९५८ च्या कोष्टकात ८ क्रमांकाच्या कपड्याची छाती ३१ इंच होती. आज त्याच क्रमांकाचा कपडा त्याहून पुष्कळ मोठा असतो, कारण लहान आकडा दिसला की गिऱ्हाईक सुखावते, हे विक्रेत्यांच्या लक्षात आले. आपल्याकडे बराच काळ परदेशी कोष्टकेच थोडीफार फिरवून वापरली गेली, आणि ज्या देशात स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर आहे तेथे पाच फूट सहा इंचांसाठी आखलेला मुंढा आणि कंबर कशी जुळणार? ऐरोलीकर, तुमचा खांद्यावरून घसरणारा कुर्ता येथूनच येतो.

केंद्रीय वस्त्रोद्योग मंत्रालय आणि निफ्ट (फॅशनचे शिक्षण देणारी राष्ट्रीय संस्था) यांनी ‘इंडियासाइज’ नावाचे राष्ट्रीय सर्वेक्षण यासाठीच हाती घेतले. १५ ते ६५ वयोगटातील २५,००० लोकांची त्रिमितीय स्कॅनरने मापे घ्यायची आणि त्यासाठी दिल्ली, मुंबई, कोलकाता, बंगळुरू, हैदराबाद आणि शिलाँग ही शहरे निवडायची, अशी ती आखणी होती. निफ्टचे मुंबई केंद्र आपल्या खारघरला आहे. माझ्या उमेदवारीच्या काळात असे कोष्टक हाताशी असते, तर कित्येक कपडे मी वेगळे कापले असते.

दुकानदार_जांभळी_नाका

माझे बायकांच्या तयार कपड्यांचे छोटे दुकान आहे. आमची अडचण लिहितो, सबब म्हणून नव्हे.

घाऊक बाजारात, मग तो मुंबईचा असो वा आपल्या जिल्ह्यातील उल्हासनगरचा, माल सेटमध्ये मिळतो. एका रंगात मीडियम, लार्ज, एक्सएल आणि डबल एक्सएल असे चार नग घ्यावे लागतात. मला फक्त शेवटची दोन मापे हवी असली तरी पुष्कळ व्यापारी सेट फोडून देत नाहीत. थ्री एक्सएलच्या पुढचे सेट वेगळे, त्यांत रंग कमी आणि नक्षीकाम बेताचे. बहुतेक काळा, गडद निळा, मरून. मी कितीदा तरी विचारले आहे की, याच अंगाच्या बाईने पिवळा किंवा गुलाबी रंग का घालू नये? उत्तर येते की, चालत नाही.

गिऱ्हाइकांचे पाहा. मोठ्या मापाची बाई दुकानात आली की निम्म्या वेळा “माझ्या जावेसाठी हवाय” असे म्हणते. आम्ही ते कपडे पूर्वी माळ्यावर ठेवायचो, मुलगा शिडी लावून काढायचा आणि वरून ओरडून विचारायचा, “काकी, फोर एक्सएल ना?” त्या वेळी दुकानात इतर माणसे असायची. माझ्या बायकोने एकदा हे पाहिले आणि मला बाजूला घेऊन चांगले सुनावले. तेव्हापासून सगळी मापे एकाच हँगरच्या रांगेत लावतो आणि ओरडणे बंद केले आहे. आता बायका स्वतः हँगर सरकवून बघतात आणि जावेचे नाव काढत नाहीत.

सेक्टर_१७ (वाशी)

मी नवी मुंबईतल्या एका मॉलमध्ये कपड्यांच्या दुकानात तीन वर्षे काम केले. मासुंदाताई, तुम्हाला ‘ऑनलाइन बघा’ म्हणणारी मुलगी मीही असू शकले असते, म्हणून लिहिते.

दुकानात काय माल यायचा हे दुकानातले कोणी ठरवत नाही. मागच्या हंगामात कोणत्या मापाचे किती नग विकले गेले, यावरून पुढचा माल येतो. जे माप ठेवलेच नव्हते, त्याची विक्री शून्य दिसते, आणि शून्य दिसते म्हणून ते पुन्हा येत नाही. किती बायका विचारून परत गेल्या, हे लिहून ठेवायला कोठे रकानाच नव्हता. मी एका दिवाळीत माझ्या वहीत रोज रेघा मारून ठेवल्या होत्या आणि महिनाअखेर त्या मॅनेजरना दाखवल्या. त्यांनी वही शांतपणे पाहिली, पण वर पाठवायची सोय त्यांच्याकडेही नव्हती.

आणखी एक गोष्ट सर्वांना कळावी. पुतळ्यावर जो कपडा सुरेख बसलेला दिसतो, त्याला मागून टाचण्या आणि चिमटे लावलेले असतात. मी स्वतः रोज सकाळी लावायचे. पुतळ्यासारखे दिसायचे म्हणून कष्टी होणाऱ्या मुलींना मला कितीदा तो पुतळा वळवून दाखवावासा वाटे.

मासुंदा

सेक्टर_१७, तुमची वही डोळ्यांसमोरून हलत नाही. कागदी_नमुना यांचे दंडाबद्दलचे वाक्य मी भाचीला वाचून दाखवले. तिने ते दोनदा वाचायला लावले.

चित्रकला_शिक्षिका (डोंबिवली)

सौंदर्याच्या कल्पना कशा फिरल्या, यावर थोडे लिहिते, कारण शाळेत मुलींना शिकवताना हा विषय मला रोज भेटतो.

दरवर्षी मी मुलांना अंबरनाथच्या शिवमंदिरात रेखाटनासाठी नेते. शिलाहारांच्या काळातले, १०६० मधले हे मंदिर. तेथील बाह्य भिंतींवरच्या स्त्रीमूर्ती नीट पाहाव्यात: भरीव खांदे, रुंद नितंब, आणि बारीक कमर असली तरी पोट सपाट घासून काढलेले नाही. पोटावरच्या तीन वळ्यांना संस्कृत काव्यात त्रिवळी म्हणतात आणि ते सौंदर्याचे लक्षण मानले आहे. मागच्या वर्षी नववीतल्या एका मुलीने रेखाटताना त्या वळ्या खोडून टाकल्या होत्या. मी विचारले तर म्हणाली, “बाई, चुकून झाल्यासारख्या दिसतात.” तिला दगडातली ती वळी बोटाने दाखवताना माझा आवाज जड झाला होता.

राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला आणि पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तेथून निघालेल्या चित्रांतली लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचली. गोल चेहरा, भरलेले दंड, नऊवारी किंवा सहावारी. आपल्या पणज्यांनी देवी म्हणून जिला हात जोडले ती या अंगाची होती. मग १९९१ नंतर बाजार खुला झाला, १९९४ मध्ये विश्वसुंदरी आणि जगत्सुंदरी हे दोन्ही किताब एकाच वर्षी भारतात आले, वाहिन्या आल्या आणि उंच, सडपातळ बांधा हाच एक नमुना सर्वत्र दिसू लागला. २००८ च्या सुमारास ‘साइज झीरो’ हा शब्द मराठी घरांत पोचला. त्यानंतर वारे थोडे फिरले: २०१६ मध्ये बार्बी बाहुली तीन नव्या बांध्यांत आली आणि त्याच वर्षी मुंबईच्या लॅक्मे फॅशन वीकमध्ये वेंडेल रॉड्रिक्स यांनी मोठ्या मापाच्या स्त्री-पुरुषांसाठी केलेले कपडे मंचावर आले.

तरीही जुन्या काळाला सोन्याचे दिवस म्हणायला मी तयार नाही. ‘भरलेली’ सून आवडायची ती घर खाऊन-पिऊन सुखी दिसावे म्हणून, आणि ऐरोलीकरांसारख्या मुलीला तेव्हाही नकारच मिळे. दाखवण्याच्या कार्यक्रमात मुलीला चालायला लावत, ते कशासाठी, हे आपल्या आज्यांना विचारावे. नमुना बदलला, मुलीला नमुन्याशी ताडून पाहण्याची रीत मात्र तशीच राहिली.

पारसिक

सर्वांचे लेखन मनापासून वाचले. एक शंका आदराने मांडतो. मोठी मापे सहज मिळू लागली, मोठ्या बांध्याच्या मॉडेल दिसू लागल्या, तर वाढत्या वजनाकडे लोक दुर्लक्ष करतील का? माझ्या बहिणीला चाळिशीतच मधुमेह झाला, म्हणून काळजीपोटी विचारतो.

नेरूळ_दवाखाना

पारसिक, तुमची काळजी योग्य आहे आणि प्रश्न नेहमीचा आहे. मी वीस वर्षे सर्वसाधारण वैद्यकीय व्यवसाय करते.

आधी आकडे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, १५ ते ४९ वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी २४ टक्के स्त्रियांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा) २५ किंवा त्याहून जास्त आढळला. त्याच पाहणीत सुमारे १९ टक्के स्त्रियांचे वजन गरजेपेक्षा कमी होते. एकाच देशात, पुष्कळदा एकाच घरात, दोन्ही आहे. आशियाई लोकांना कमी वजनावरही मधुमेह गाठतो, म्हणून आम्ही २३ च्या पुढेच सावध होतो आणि स्त्रीच्या पोटाचा घेर ८० सेंटिमीटरच्या आत असावा, असे सांगतो. हे सर्व मी रुग्णांना स्पष्टपणे सांगते, त्यात मी कोठेही हात राखून ठेवत नाही.

पण माझ्या अनुभवात कपडा मिळाला म्हणून कोणाचे वजन वाढलेले नाही. कपडा मिळाला नाही म्हणून फिरणे सोडलेल्या स्त्रिया मात्र मी पाहिल्या आहेत. एका रुग्ण भगिनीला मी रोज चालायला सांगितले. तीन महिन्यांनी विचारले तर म्हणाल्या, “डॉक्टर, चालायला घालू काय? ट्रॅक पँट माझ्या मापाची मिळत नाही, आणि साडी नेसून पाम बीच रोडला चालले की लोक बघतात.” कपड्याच्या दुकानाने आरोग्याचा न्यायनिवाडा करू नये. तेथे येणाऱ्या बाईला थायरॉइड आहे, पीसीओएस आहे, ती बाळंत होऊन दोन महिने झाले आहेत, की स्टेरॉइडची औषधे चालू आहेत, हे विक्रेत्याला कळण्याचा मार्ग नाही आणि कळण्याची गरजही नाही.

दुसऱ्या टोकाचा धोकाही तितकाच खरा आहे. उपासमारीने मॉडेल दगावू लागल्या, तेव्हा माद्रिदच्या फॅशन वीकने २००६ मध्ये बीएमआय १८ च्या खालच्या मॉडेलना मनाई केली. फ्रान्समध्ये २०१७ पासून मॉडेलना वैद्यकीय प्रमाणपत्र लागते आणि जाहिरातीतील छायाचित्रात बांधा बदलला असेल तर तसे छापावे लागते. २०२५ मध्ये वजन उतरवणारी नवी इंजेक्शने भारतात आली. मधुमेह आणि स्थूलता असलेल्या काही रुग्णांसाठी ती खरोखर उपयोगी आहेत आणि मी ती देते. परंतु लग्नसराईच्या आधी, घागऱ्यात बसायचे म्हणून ती मागणाऱ्या निरोगी मुली आता दवाखान्यात येऊ लागल्या आहेत, आणि त्यांना नाही म्हणताना मला त्यांच्या आयांशी वाद घालावा लागतो.

पारसिक

मनापासून आभार, डॉक्टर. बहिणीला घेऊन या रविवारी चालण्याचे कपडे घ्यायला जातो.

सुईदोरा (कळवा)

माझे शिवणाचे काम आहे, घरातच दोन मशिनी आहेत. लिहायची सवय नाही, मुलीने टाइप केले आहे.

साडीबरोबर ब्लाउजपीस येतो तो ऐंशी सेंटिमीटरचा. छाती ३६ असेल तर कोपरापर्यंत बाही सहज निघते. छाती ४२ च्या पुढे गेली की बाही छोटी करावी लागते किंवा पाठीला जोड द्यावा लागतो, आणि नेमक्या याच बायकांना लांब बाही हवी असते. साडी विकणाऱ्यांनी एक मीटर पीस दिला तर काय बिघडते? वीस सेंटिमीटर कापडासाठी माझ्या गिऱ्हाइकाला खाली मान घालून “काकू, होईल का हो त्यात?” असे विचारावे लागते.

माप घेताना मी आकडा मोठ्याने बोलत नाही, वहीत लिहिते. माझ्या सासूबाईंनी शिकवले तेव्हा पहिल्या दिवशी हेच सांगितले होते. दंडाचे माप हात सरळ खाली सोडून आणि कोपरात वाकवून, असे दोनदा घ्यावे, वाकवल्यावर पाऊण-एक इंच वाढते. तयार कपड्यात ते धरत नाहीत बहुतेक. आणि माया मी प्रत्येक ब्लाउजला दीड इंच ठेवते, गिऱ्हाइकाने सांगितले नाही तरी ठेवते. पोरी लग्न होऊन जातात, दोन वर्षांनी माहेरपणाला येतात तेव्हा तोच ब्लाउज घेऊन येतात. उसवून देण्याचे मी पैसे घेत नाही.

मासुंदा

सुईदोरा काकू, तुमचा पत्ता येथे उघडपणे विचारत नाही, पण निरोप पाठवला होता आणि तुम्ही लगेच उत्तर दिलेत, त्याबद्दल ऋणी आहे. बाकीच्यांसाठी पुढचे लिहिते.

बुधवारी आम्ही दोघींनी गोखले रोडवर कापड घेतले. भाचीने आधी गडद निळ्या ताग्याला हात लावला आणि मग स्वतःच म्हणाली, “मावशी, दुकानदारकाकांनी लिहिलंय ना, पिवळा का नाही म्हणून?” पिवळ्या चंदेरीचे साडेतीन मीटर घेतले आणि कडेला लावायला हिरवी पट्टी. काल संध्याकाळी कळव्याला जाऊन माप दिले. काकूंनी तिचा दंड दोनदा मोजला, वहीत लिहिले आणि वही मिटून ठेवली. भाचीने विचारले, “काकू, माप किती आलं?” काकूंनी वही उघडून तिच्याच हातात दिली. तिने आकडा पाहिला, मोबाइलमध्ये लिहून घेतला आणि दुसरे काही बोलली नाही. येताना रिक्षात मात्र बाहीला पट्टी किती रुंद लावायची यावर तिचे आणि माझे स्टेशनपर्यंत चालले होते.

सेक्टर_१७ यांच्या वहीवरून एक सुचले, ते करू या का? लेबलावर छातीचे, कमरेचे आणि दंडाचे माप इंचांत छापावे, असे पत्र मी तीन कंपन्यांना पाठवणार आहे. मसुदा आज रात्री येथे टाकते, त्यात कागदी_नमुना आणि डॉक्टरांनी दुरुस्त्या सुचवाव्यात. त्याला जोडण्यासाठी प्रत्येकीने आपल्या कपाटातल्या कुर्त्यांची मापे येथे लिहावीत. कंपनीचे नाव लिहू नये, फक्त लेबलावरचे अक्षर आणि टेपने घेतलेले छातीचे व दंडाचे माप द्यावे. कुर्ता सपाट पसरून, सुरकुत्या काढून, काखेच्या शिलाईखाली एक इंचावर टेप धरावा, म्हणजे सर्वांची मापे एकाच रीतीने येतील. माझी मी पुन्हा घेतली आहेत:

मीडियम, छाती ४०, दंड १५.
लार्ज, छाती ४०, दंड १४.
एक्सएल, छाती ३९½, दंड १४½.